पहिल्या चौकोनातली खूण

आमच्या बाजारात काटेवाल्यांना स्वतःचं नाव असेल असं कुणाला वाटतच नाही. वजनकाटे दुरुस्त करतात, म्हणून काटेवाले. त्यांच्या बायकोलाही सगळे काटेवाल्या वहिनीच म्हणतात. वहिनी घरी बसून पुस्तकांची बांधणी करतात. काट्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की असल्या माणसाबरोबर त्यांनी तीस वर्षं काढली.

माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, म्हणून मी खिळेवाला. खिळे, स्क्रू, वायसर, सगळं वजनावर जातं, त्यामुळे काटेवाले वर्षातून दोनदा माझ्याकडे येतात. येतात म्हणजे काय, चौकशीच असते. आधी रुमालानं हात कोरडे करतात, मग लाकडी पेटी उघडतात. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली. त्या वजनांना ते स्वतः बोट लावत नाहीत आणि दुसऱ्याला तर लावूच देत नाहीत. चिमट्यानं उचलतात. बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं म्हणे. मी एकदा म्हटलं, "अहो, मी खिळे विकतोय, सोनं नाही." त्यांनी मानही वर केली नाही. "किलो म्हणजे किलो," एवढंच म्हणाले.

एकदा माझा काटा चार ग्रॅम जास्त दाखवत होता. तव्याखाली गंजाचा भुगा साचला होता, दुसरं काही नव्हतं. काटेवाल्यांनी तो ब्रशनं झाडला, तवा परत बसवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे चार ग्रॅम कधीपासूनचे?" असं विचारलं, की मला लहानपणापासूनचे माझे सगळे गुन्हे आठवले.

त्यांच्या स्कूटरवर पुढे, पायाजवळ, पावशेर बसलेला असायचा. पावशेर म्हणजे त्यांचा कुत्रा. धान्याच्या गोदामामागे पोत्यात कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू. दुसऱ्या कुणी आधी दूध पाजलं असतं, काटेवाल्यांनी आधी वजन केलं. ते भरलं पावशेर. पुढे वहिनींनी ड्रॉपरनं दूध पाजून त्याला वाढवला, तो अठरा किलोंचा झाला, तरी नाव तेच राहिलं. दुकानात आला की तारेची भेंडोळी तोलायच्या माझ्या मोठ्या काट्यावर आपणहून चढून बसायचा. घरी वजन दिलं की बिस्किट मिळायचं, तीच सवय. काटेवाले आकडा बघायचे आणि म्हणायचे, "अठरा दोनशे. काटा बरोबर आहे." मग शिक्का मारायचे.

माझ्या दुकानात एक मांजर होती. माझी नव्हे, दुकानातली, असं मी सगळ्यांना सांगायचो. पायाला चिकटून चालायची म्हणून तिचं नाव चिकटपट्टी, हाक मारताना नुसतं पट्टी. काउंटरवर मी जेवायला बसलो की तीही बसायची. बायकोला आवडत नाही म्हणून घरी नेली नाही, पण रविवारी दुकान बंद असलं तरी काहीतरी कारण काढून मी एक चक्कर मारून यायचो. पावशेर आला की ती खिळ्यांच्या पोत्यावरून उतरून त्याच्या नाकाला नाक लावायची आणि परत पोत्यावर जायची. त्यांचं तेवढंच होतं, पण ते कधी चुकलं नाही.

आता माझ्याबद्दल. माझ्या जिभेला हाड नाही. बाजारात मी कुणाचीही टोपी उडवतो, आणि लोक हसतात म्हणून आणखी उडवतो. याचं मला फार कौतुक होतं. पुढचं सगळं त्याच कौतुकातून झालं.

एका सकाळी दुकान उघडलं तर पट्टी पोत्यावरच गेलेली होती. म्हातारी झाली होती, आठवडाभर खात नव्हती. दाराच्या कड्यांचा एक रिकामा खोका होता, त्यात तिला ठेवली. घरी फोन करून सांगितलं, "मांजर मेली, विल्हेवाट लावून येतो." विल्हेवाट हाच शब्द वापरला. दुकानावर पाटी लावली, ‘माल आणायला गेलो आहे’, आणि गावाबाहेर जनावरांच्या दवाखान्यामागे प्राण्यांसाठी भट्ट्या आहेत, तिकडे गेलो.

तिथे एक खिडकी आहे. खिडकीवरच्या बाई फॉर्म देतात. फॉर्मवर तीन चौकोन. पहिला, इतर प्राण्यांबरोबर, रक्षा मिळणार नाही. दुसरा, एकाच भट्टीत पण मध्ये विटांचे कप्पे करून, रक्षा मिळेल, थोडी मिसळू शकते. तिसरा, छोट्या भट्टीत एकट्याला, रक्षा डब्यात घालून मिळेल. ज्याला जे हवं त्यानं त्यावर खूण करायची.

मी पोचलो तेव्हा खिडकीशी काटेवाले उभे होते. शेजारच्या ढकलगाडीवर हिरव्या कापडात गुंडाळलेला पावशेर. पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर चढवतात ना, ते जाड कापड, वहिनींच्या कामातलं. वहिनी आल्या नव्हत्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. धूर नको, धूळ नको, वाकायचं नाही आणि रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मला नंतर कळलं. निघताना त्यांनी काटेवाल्यांना एकच सांगितलं होतं, "त्याला एकट्याला ठेवा. जे देतील ते घरी घेऊन या." काटेवाल्यांनी हो म्हटलं होतं, आणि काटेवाले हो म्हणाले की ते झालेलंच असतं.

त्यांचं पेन तिसऱ्या चौकोनावर होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांचे डोळे लाल होते, नाक वाहत होतं. माझ्या काखेत खोका. आता हा माणूस मागे वळणार, मला मांजरीचा खोका घेऊन उभा असलेला बघणार, याची मला एकदम लाज वाटली. त्यानं बघायच्या आधी आपणच तोंड उघडावं, एवढीच अक्कल सुचली.

"काय काटेवाले," मी म्हटलं, "कुत्र्याची राख डब्यात भरून घरी नेणार? मग वजन करून घ्या बरं का! हे लोक कमी भरतात!"

बाकावर दोघं जण बसले होते, ते हसले. खिडकीवरच्या बाई हसल्या नाहीत. काटेवाले वळले, मला बघितलं, आणि हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं हसले.

"छे हो," म्हणाले, "राख घेऊन करायचंय काय? जाऊ दे सगळ्यांबरोबर." आणि पेन उचलून पहिल्या चौकोनात खूण केली. बाईंनी विचारलं, "नक्की ना? थांबणार आहात?" ते नको नको म्हणाले, सही केली, माझ्या खोक्याकडे बोट करून "तुमची पट्टी का? अरेरे," असं काहीतरी पुटपुटले आणि स्कूटर काढून गेलेसुद्धा. पावशेरकडे परत बघितलंही नाही.

माझा नंबर आला. बाकावरचे दोघे तोवर आत गेले होते. मी मागे बघितलं, पुढे बघितलं. कुणी नाही. आणि मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

हे लिहिताना हात जड होतो आहे, पण लिहिलंच पाहिजे. मालकाच्या नावाच्या जागी मी माझं नाव न घालता मुलीचं घातलं. मुलगी परगावी शिकते, पट्टी गेली हे तिला माहीतही नव्हतं. बाईंना वर सांगितलं, "मुलीचा हट्ट हो. नाहीतर मी कशाला." बाईंनी मघाशी मी काय बोललो ते ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फॉर्मवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "छोटी भट्टी लगेच. मोठी चार वाजता."

तेव्हा अडीच वाजले होते.

म्हणजे दीड तास होता. काटेवाल्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे, माझ्या काट्यावर त्यांनीच चिकटवलेल्या कागदावर तो लिहिलेला आहे. एक फोन करायचा होता. "काटेवाले, मी गंमत केली, परत या, खूण बदला." एवढं पुरलं असतं. पण ते आले असते तर मी तिथे काय करतोय, असं त्यांनी विचारलं असतं. डब्याची वाट बघत बाकावर बसलोय, हे त्यांना दिसलं असतं. मी फोन हातात घेतला, खिशात ठेवला, परत काढला. पावणेचारला पट्टीचा डबा आला. हातात मावेल एवढा, पांढरा, वर चिठ्ठी, ‘चिकटपट्टी’ आणि तारीख. अजून पंधरा मिनिटं होती. मी डबा पिशवीत घातला आणि बसून राहिलो.

चार वाजता भट्टीवरचा माणूस बाहेर आला. हातमोजे घातलेला, दांडगा, पण हळू चालणारा. गाडीवर चार होते. दोन कुत्रे, एक सशाचा खोका आणि हिरव्या कापडातला पावशेर. कापडाचं एक टोक लोंबत होतं. त्यावर दोऱ्यानं नाव शिवलेलं होतं. त्यानं ते टोक नीट आत खोचलं आणि बाकाकडे बघून विचारलं, "यांच्यापैकी कुणाचं माणूस आहे का?"

बाकावर मी एकटाच होतो.

"नाही," मी म्हणालो.

तो गाडी आत घेऊन गेला. मी घरी आलो. घरी म्हणजे दुकानात. डबा चिकटपट्ट्यांच्या फळीवर, गुंडाळ्यांच्या मागे ठेवून दिला. तसलंच नाव असल्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्या वेळी मला ही युक्ती फार हुशारीची वाटली.

पंधरा दिवसांनी काटेवाले माझा काटा तपासायला आले. स्कूटरवर एकटेच. पेटी उघडली आणि अर्धा किलोचं वजन सरळ बोटांनी उचललं. ठेवलं, परत उचललं, परत बोटांनीच. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"वहिनींचा डोळा कसा आहे?" मी विचारलं.

"डोळा बरा आहे. बोलत नाही."

"कोण?"

"ती. माझ्याशी. त्या दिवसापासून." त्यांनी वजन तव्याच्या कोपऱ्यात सरकवलं. "तिनं विचारलं, कुठाय. मी सांगितलं, सगळ्यांबरोबर दिला. का, म्हणाली. मला का ते सांगता येईना. रडायची तर तिला बंदी. नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला वाढते, ताट ठेवते, उठून जाते. मी नसताना त्याच्या जागेवर जाऊन बसते, बांधणीच्या प्रेसच्या टेबलाखाली. परवा मी लवकर घरी गेलो तर दिसली."

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण त्यांनी नाही म्हणावं अशा सुरात म्हटलं.

"तुमचं नाव मी घेतलेलं नाही. तुमचा काय दोष? तुम्ही नेहमीच गंमत करता. हात माझा होता." ते काट्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही थांबला होतात का हो तिथे? मी थांबलोसुद्धा नाही."

"थांबलो होतो."

"पावशेर दिसला?"

"दिसला. कापड नीट खोचलं त्या माणसानं. चांगला माणूस होता."

त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "आणि पट्टी? तुम्हीही सगळ्यांबरोबरच दिली असेल ना?"

त्या क्षणी खरं बोलायचं होतं. डबा त्यांच्या डोक्याच्या वरच, फळीवर, दोन हातांवर होता. पण त्या दिवशी त्यांची टर उडवून मी स्वतः काय केलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे… मला नाही जमलं. "हो," मी म्हणालो. "सगळ्यांबरोबरच."

काटेवाले माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दोघं एकत्र होती."

मी काउंटरवरचे स्क्रू उगाच सारखे करायला लागलो.

"ओळखीचं कुणीतरी होतं बरोबर," ते म्हणाले. "अनोळखी जनावरांत एकटा नव्हता तो. अहो, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आणि पेटी तशीच उघडी टाकून, शिक्का न मारता, ते घरी गेले. काटेवाल्यांनी शिक्का न मारता काटा सोडला, असं बाजारात याआधी कधी झालं नव्हतं.

पेटी न्यायला ते संध्याकाळी आले. "बोलली," म्हणाले. एवढंच. आणि एकेक वजन फडक्यानं पुसून चिमट्यानं खाचेत ठेवायला लागले. त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पित्त.

रोज ठरवायचो, आज जाऊन सांगून टाकू. जाताना काय बोलायचं ते मनात जुळवायचो. आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर त्या घरात परत मुकेपणा येईल, यापेक्षा गप्प बसलेलं बरं. दयेपोटी गप्प राहिलो, असं म्हणायला मला फार आवडेल. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटत होती. काटेवाले मला विचारतील, हे कधीपासूनचं? आणि मला दिवस, तास, सगळं सांगावं लागेल.

दहा दिवसांनी दोघंही आले. वहिनींच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, काटेवाल्यांनी हात धरलेला. मी स्टूल पुसून दिलं. वहिनी बसल्या, गुडघ्यांवर पिशवी ठेवली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे म्हणाले तुम्ही शेवटपर्यंत होतात. मला सगळं सांगा. मी रडणार नाही, डॉक्टरांना शब्द दिलाय."

मी सांगितलं. गाडी कशी आली, तो माणूस कसा होता, हातमोजे होते, हळू चालत होता. कापडाचं टोक लोंबत होतं ते त्यानं आत खोचलं.

"नाव दिसलं? ते मी शिवलं होतं. ऑपरेशन झालेला डोळा झाकून, एका डोळ्यानं."

"दिसलं वहिनी. स्पष्ट."

"आणि पट्टी?"

"शेजारीच होती."

"कुठल्या बाजूला?"

तीस वर्षं काटेवाल्यांबरोबर काढलेली बाई, ती असंच विचारणार. "डाव्या," मी म्हणालो.

वहिनींनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "उजव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं शेवटी शेवटी. डावीकडे कुणी असलं की घाबरायचा नाही."

काटेवाल्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

वहिनींनी पिशवीतून एक वही काढली. तळहाताएवढी, हातानं शिवलेली, वर तेच जाड हिरवं कापड. कडा इतक्या सरळ, की मोजपट्टी लावून बघावं. "त्याच्या कापडातला तुकडा उरला होता," त्या म्हणाल्या. "त्यात दोन वह्या झाल्या. एक आमच्याकडे ठेवली, एक तुम्हाला. आत मी दोघांची नावं आणि तारीख घातली आहे, जरा वाकडी आली असतील." त्यांनी वही पुढे केली. "यांच्याशी मी इतके दिवस बोलले नाही हो, हातात काहीच कसं आणलं नाही म्हणून. मग वाटलं, तुम्ही तरी काय आणलंत. तुम्हीही त्या दिवशी आमच्यासारखेच रिकाम्या हातानं परत आलात ना, भाऊजी?"

काटेवाले माझ्याकडे बघत होते, कौतुकानं.

मी दोन्ही हात पुढे करून वही घेतली.

"हो वहिनी," मी म्हणालो. "रिकाम्याच."